विंगेतून दिसणारी बाई

मला एका जागी बसवत नाही. जेवताना मी दोनदा उठते, फोनवर बोलताना घरभर फिरते, आणि बसलेच तर पाय हलत राहतो. घरातले म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी लागली आहे. मी त्यांना सांगते की माझं बसून झालंय, लहानपणीच. एका पत्र्याच्या पेटीवर, नाटकाच्या विंगेत, मी इतकी बसले आहे की जन्माची पुंजी संपली.

माझी आई नाटकात काम करायची. मोठ्या कंपन्यांतून नव्हे. गिरणगावातली आमची कोकणची माणसं मिलमधली पाळी सांभाळून वर्षाला एखादं नाटक बसवायची, गावाकडच्या देवळासाठी किंवा शाळेसाठी. पुरुषांची कामं ती आपापसांत वाटून घ्यायची. बायकांच्या कामांना मात्र घरच्या बायका कशा उभ्या करणार? म्हणून बाहेरून बाई ठरवायची. तिला एका प्रयोगाचे जे मिळायचे त्याला 'नाइट' म्हणत, आणि ती बाई नाइटवर आली म्हणत. आई अशी नाइटवर जायची. दोन तालमींत सगळं पाठ करायची आणि तिसऱ्या वेळी थेट प्रयोग.

वडील मिलमध्ये, घरात मला सांभाळायला कोणी नाही, म्हणून मी तिच्याबरोबर. कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेसवाल्याची एक पत्र्याची पेटी मागच्या विंगेत ठेवलेली असायची. आई मला त्या पेटीवर बसवायची, पावडर लागलेल्या बोटांनी माझी हनुवटी धरायची आणि दम द्यायची, "हयसून हलाचा नाय." मग पदर सारखा करून उजेडात जायची.

त्यामुळे आईचं नाटक म्हणजे माझ्यासाठी आईची पाठ. भाड्याचा ब्लाउज तिला कधीच बसायचा नाही, म्हणून मागे सेफ्टी पिनांची रांग. अंबाड्यात खोवलेलं गंगावन. ती बोलायला लागली की टाचा किंचित उचलल्या जायच्या. त्या पाठीच्या पलीकडे अंधारात माणसं बसलेली असत, आणि आई असं काहीतरी करायची की त्या अंधारातून हुंदके यायचे. काय करायची ते मला दिसायचं नाही. आत परत यायची तेव्हा तो चेहरा उतरलेला असायचा, घामेजलेला, "पाणी दी" म्हणणारा. लोकांनी पैसे देऊन पाहिलेला माझ्या आईचा चेहरा मी कधीच पाहिला नाही, आणि हे मला आयुष्यभर खुपत राहिलं.

एक प्रवेश तर मी पेटीवरून शेकडो वेळा पाहिल्यासारखा वाटतो. नवरा परागंदा झालेला. कित्येक वर्षांनी, तिन्हीसांजेला, एक दाढीवाला वाटसरू दारात येतो आणि विचारतो, "बाई, रातच्याला टेकायला जागा आहे का?" तो बायकोला ओळखत नाही. ती हातातला दिवा वर उचलते, त्याच्याकडे बघते, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग म्हणते, "जागा आहे." बस्स, एवढंच. त्या बघण्याच्या वेळी आईचे खांदे हलायचे. समोर बायका रडायच्या, पुरुष नाक शिंकरायचे. आई रडत असणार हे मी धरूनच चालले होते.

मग संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच. नाटकं करणारी माणसंच उपनगरांतून पांगली. आम्ही खोली विकून चारकोपला सेक्टरातल्या बैठ्या घरात आलो, वडील तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाले. तेव्हा चारकोप म्हणजे नुसती माती आणि डास. रांगेत नवी नवी कुटुंबं आलेली, कोणी कोणाला ओळखत नाही. पहिल्याच आठवड्यात आईने मला बजावलं, "नाटकाचा हय कोणाक बोला नको." नाटकातली बाई म्हटलं की शेजारीण हळदीकुंकवाला बोलावताना दोनदा विचार करते, हे तिने आधीच्या चाळीत सोसलं होतं. तिने दाराशी कढीपत्ता लावला, लोणची घातली आणि चारचौघींसारखी झाली. मला तिचा राग यायचा. चारचौघींसारखी ती नव्हती आणि मला तशी ती नको होती.

मी कमर्शियल आर्ट शिकले आणि अंधेरीला एका मराठी मासिकात लागले. मुखपृष्ठं करायची. कामावरून सुटले की नाटक, सुट्टी असली की नाटक. परवडलं तर पहिल्या रांगेत, मधोमध. मैत्रिणी म्हणायच्या, यार, इतक्या पुढे बसून मान नाही का दुखत? दुखायची. पण समोर बसायचा हक्क मला उशिरा मिळाला होता, तो मी वसूल करत होते.

मुखपृष्ठही मला रंगमंचच दिसायचं. वर मासिकाचं नाव, ती झालर. खाली किमतीची पट्टी, ते पायदिवे. डावीकडे शिवण, म्हणजे बंद भिंत. आणि उजवीकडची कड, जिथे वाचकाचा अंगठा लागतो आणि पान उघडतं, ती विंग. माझ्या चित्रातलं माणूस नेहमी त्या कडेशी उभं असायचं, आत्ता येईल किंवा आत्ता जाईल असं. जून महिन्याच्या अंकावर मी प्रकाशझोतात एक रिकामी खुर्ची काढली होती. संपादक म्हणाले, "फर्निचरचं दुकान काढलंयस का गं?"

संपादक पन्नाशी उलटलेले, तोंडाने फटकळ, मनाने बरे. त्यांचं माझ्याशी पटायचं नाही आणि माझ्यावाचून चालायचंही नाही. जुलैत त्यांनी मला बोलावलं. "दिवाळी अंक. बाई पाहिजे, पणती पाहिजे, हसू पाहिजे. यंदा नाटकं करू नकोस. आणि गणपतीच्या आधी चित्र हातात हवं. नंतर प्रेसमधली निम्मी माणसं कोकणात, मग तू आणि मी बसू मशीन फिरवत."

बाई आणि पणती. दरवर्षी सगळ्या दिवाळी अंकांवर तीच ती, नऊवारीतली, दात मोजून घ्यावेत अशी हसणारी. पण मी टेबलाशी बसले आणि माझ्या हातून दुसरंच उतरलं. दिवा घेतलेली बाई, मागून. अंबाडा, सेफ्टी पिना, उचललेली टाच, आणि तिच्या पलीकडे काळोख. कच्चं चित्र मी एका दमात केलं. इतकं सोपं मला आधी कधी काही गेलं नव्हतं.

संपादकांनी ते पंख्याखाली धरलं, लांब केलं, जवळ केलं. "उजेड झकास आहे," ते म्हणाले. मी खूश. "आता तिला फिरव."

"म्हणजे?"

"तोंड इकडे कर तिचं. माणूस दिवाळी अंक घेतो तो कोणीतरी त्याच्याकडे बघतंय म्हणून. पाठच बघायची तर रेशनच्या रांगेत उभा राहील ना."

मी भांडले. मग भांडता भांडता माझ्या लक्षात आलं की मला तिला फिरवायचंच आहे. इतकी वर्षं मला तेच तर हवं होतं. म्हटलं, फिरवते.

आणि तिथून माझी वाट लागली. फिरवायची म्हणजे चेहरा काढायचा, आणि चेहरा मला माहीत नव्हता. मी आईचा चेहरा काढला तर तांदूळ निवडणारी आई यायची. डोळ्यांत पाणी घातलं तर कांदा चिरणारी आई यायची. कागदांवर कागद फाडले. ऑफिसात मी टेबलाशी पाच मिनिटं बसायचे, दहा मिनिटं गॅलरीत. चहा प्यायला खाली उतरायचे आणि न पिताच वर यायचे. बोरिवलीला एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळाची तालीम चालायची, तिथे जाऊन बायकांचे चेहरे पाहिले, रेखाटून आणले. चांगले होते ते चेहरे. पण त्या पाठीला ते बसत नव्हते, आईच्या ब्लाउजसारखेच. घरी एकच फोटो होता, सगळं मंडळ हार घालून उभं, आणि आईच्या तोंडावर नेमकी फ्लॅशची चमक.

शेवटी एक रडणारी बाई कशीबशी जमली. संपादक ओरडले, "दिवाळीला रडकी बाई? लोकांनी फराळ खायचा की सुतकाला बसायचं?"

"तिथे ती रडते," मी म्हटलं.

"कुठे?"

चित्र उचलून मी बाहेर आले आणि चीड आली म्हणून अंधेरीपासून पार गोरेगावपर्यंत चालत गेले. तिथे दम लागला तेव्हा बस पकडली.

वडील गणपतीसाठी आठवडाभर आधीच गावाला गेले होते. घरात मी आणि आई. रविवारी दुपारी मी पहिलं चित्र, पाठीचं, पलंगावर ठेवून त्याच्याभोवती येरझारा घालत होते. आई आतून पदराला हात पुसत आली आणि थबकली. तिने पिना मोजल्यासारखं बोट फिरवलं.

"ह्या मी मां?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, हिला बरं वाटेल. तिचे डोळे भरून येतील वगैरे. कसचं काय! तिचा चेहरा लालबुंद झाला.

"माझी पाठ काढलंस? मी कधी लोकांका पाठ दाखवली? माका तालमीच्या मास्तरांनी पयल्या दिवशी शिकवल्यानी, मरताना पडाचा झाला तरी तोंड लोकांकडे. एवढ्या नाइटी केलंय, एकदाव पाठ दाखवूक नाय. आणि तू माझी पाठ छापतलंस? दिवाळीक? सगळ्या मुंबयक दाखवूक?"

मी तिला हजार गोष्टी सांगू शकले असते, रचना आणि उजेड आणि काय काय. माझाही पारा चढला होता. मी ओरडलेच, "मग काय काढू? मला तेवढीच दिसली! पेटीवर कोण बसवायचं मला? सगळ्या जगाने तुझं तोंड पाहिलं आणि मी पिना पाहिल्या!"

आईने चित्रावरचं बोट उचललं. मग अगदी हळू म्हणाली, "तू माका बघूकच नाय?"

"कसं बघणार?"

"माका वाटला, तू बघतंस. म्हणान मी काम करताना... माका वाटायचा, माझा चेडू मागे बसून बघता हा." एवढं बोलून ती आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी पलंगावर टेकले. उठून तिच्या मागे जावं असं फार वाटलं, पण धाडस होईना. बाहेर कोणाच्या तरी टीव्हीवर सिनेमातली मारामारी चालली होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात स्टीलची वाटी होती. तोंड धुतलं होतं. केस मागे ओढून अंबाडा घातला होता. मला म्हणाली, "तू वाटसरू. बोल."

मला त्याचं वाक्य पाठ होतं, नसायला काय झालं. मी म्हटलं, "बाई, रातच्याला टेकायला जागा आहे का?"

आईने वाटी वर उचलली. भर दुपार, वर ट्यूबलाइटची रिकामी पट्टी, खिडकीत वाळत घातलेला माझा कुडता. तिने माझ्याकडे पाहिलं. आधी यजमानीण परक्याकडे बघते तसं. मग तिची नजर माझ्या कपाळावरून खाली आली, आणि कुठेतरी, डोळ्यांशी की हनुवटीशी कोण जाणे, तिने मला ओळखलं. मी वाट बघत बसले, आता ही रडणार म्हणून.

आई हसली.

रडली नाही. हसली. आधी हसू दाबलं, ते दाबवेना, मग खांदे हलायला लागले, अगदी तेच, मी पेटीवरून पाहिलेले, आणि मी ज्याला जन्मभर रडणं समजत आले ते हसू होतं. इतक्या वर्षांनी आला आणि ओळखत नाही, वेडा कुठला, असं ते हसू. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. तो आला एवढंच होतं. समोरची माणसं का रडायची ते मला तेव्हा कळलं, कारण मीही रडत होते.

तेवढ्यात दार ढकलून शेजारची वहिनी आत आली. मराठवाड्याकडची बाई, दर रविवारी कढीपत्ता न्यायला यायची. "अहो, दोन डहाळ्या..." म्हणाली आणि तिथेच थिजली. समोर माझी आई हातात वाटी उंच धरून हसतेय आणि मी पलंगावर हमसून हमसून रडतेय. आता आई वाटी खाली घेणार, काहीतरी सारवासारव करणार, आणि संपलं. पुन्हा ती हे कधी करणार नाही.

आईने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटी तशीच, नजर तशीच माझ्यावर. जितका वेळ थांबायचं तितका थांबली, आणि म्हणाली, "जागा आहे."

मग वाटी खाली घेऊन पदराने कपाळ पुसलं.

"काय झालं हो वहिनी?" शेजारीण कुजबुजली.

"नाटक," आई म्हणाली. "मी नाटकात होते. नाइटवर जायची."

मग तिने मला आधी विचारलं, "तुम्ही रोज बघायच्या हे?" आणि मी काही बोलायच्या आतच आईला म्हणाली, "आमच्या मंडळाच्या बायका जयंतीच्या कार्यक्रमाला काहीतरी बसवायचं म्हणतात. पण शिकवायला कोणी नाही बघा." आईने तिला कढीपत्ता तोडून दिला. आणि तिच्याबरोबर तिच्या दारापर्यंत गेली. एरवी ती कोणाला पोचवायला जात नसे.

चित्राचं काय झालं ते सांगून टाकते. तो चेहरा मला काढता आला नाही. दोन दिवस प्रयत्न केला, कागदावर आला की तो कॅलेंडरवरच्या बाईचा व्हायचा. शेवटी मी पाठच ठेवली, फक्त मान किंचित वळवली. दिसतो तो एक कान आणि गालाची कड, आणि तो गाल वर उचललेला आहे. संपादकांनी चित्र पुन्हा पंख्याखाली धरलं. "हसतेय का ही?" मी म्हटलं, हो. "दिसत तर नाही." "गाल बघा." त्यांनी गाल बघितला, जरा जास्तच वेळ बघितला. मग चित्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मला सरळ बाई पाहिजे, सांगून ठेवतो." गणपतीच्या आधी ते प्रेसमध्ये गेलं.

अंक आला तेव्हा आईने तो हातात धरून बघितला, तिरका करून बघितला, जणू अशाने ती आणखी थोडी वळेल. "जरा वळली आसती तर," एवढंच म्हणाली. पण शेजारच्या वहिनीला, पलीकडच्या घरातल्या आजीला, दूध टाकणाऱ्याला, सगळ्यांना तिने तो स्वतः दाखवला. ही मी, असं सांगून.

पण मला खरं आठवतं ते त्या रविवारचं. शेजारीण गेली, आई दार लावून आत वळली. मी पलंगावर होते तशीच होते, मांडी घालून, हात मांडीवर, पाठ ताठ. मला, जिला जेवतानाही बसवत नाही, उठायचं सुचत नव्हतं. आई समोर आली. तिने माझी हनुवटी धरली. बोटांना पावडर नव्हती, कढीपत्त्याचा वास होता.

"झाला नाटक," ती म्हणाली. "हल आता."